अंगणाच्या तोंडाशी एक अंडं

३ फेब्रुवारी

आज दुकानात दोन पंक्चरं आणि एक वाकडं चाक आलं आणि तिन्ही तशीच पडून राहिली. कारण वकीलबाई अबालो आल्या! मोटारसायकलवरून उतरल्या तेव्हा केसांपासून चपलांपर्यंत लाल धुळीत माखलेल्या. चष्मा काढला तर डोळ्यांभोवती तेवढी दोन वर्तुळं स्वच्छ. मान देऊन 'लादित' म्हणतात त्या मला. मला हसू फुटणार, इतक्यात त्यांनी तोंड उघडलं आणि हसू राहिलं बाजूला.

"लादित सांतो, तक्रारी ऐकणारा आयोग येतोय. गुलू शहरात! तीन मार्चला आपल्या बायकांची सुनावणी."

माझ्या हातातला पाना सुटून पायावर पडला. अंगठा अजून ठणकतोय, पण आज त्याचं काय एवढं!

ज्या वर्षी सैन्याने आमची गुरं नेली, त्याच वर्षी आमच्या पाबिरा गावातल्या बायकाही छावणीत नेल्या. कुणाला आठवड्याने सोडलं, कुणाला महिन्यांनी. तिथे त्यांचे काय हाल केले ते गावात सगळ्यांना ठाऊक, पण कुणी कधी ब्र काढला नाही. आता त्यांच्यातल्या सहाजणी केस पांढरे झाल्यावर उठल्या आणि म्हणाल्या, आम्ही तक्रार करणार. मी त्यांचा पाठीराखा. खुर्च्या मांडतो, निरोप पोचवतो, जिचे गुडघे धरलेत तिला सायकलच्या मागे बसवून नेतो. अबालोबाई म्हणाल्या, "तुम्हाला लिहायची एवढी हौस, तर घडेल ते टिपून ठेवा." मी पन्नाशीत एकट्याने अक्षरं शिकलो, बियाण्यांच्या पाकिटांवरून. मला 'लिहा' म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

एक अडचण मात्र मोठी आहे. या सहाहीजणींना छावणीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. तिथे येणारे शिपाई अंधारात येत, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. छावणीचा साहेब बसायचा कापसाच्या गोदामात. गोदामात ठेवलेली एक तरी बाई बोलली तर तक्रार थेट साहेबावर जाईल. नाहीतर 'अनोळखी शिपाई' असं लिहून सगळं मिटवून टाकतील. "गोदामातली कुणी माहितीये तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

मी पुष्कळ डोकं खाजवलं. कुणी आठवेना.

घरी येऊन बायकोला, म्हणजे ओपिरोच्या आईला, सगळं सांगितलं. ती तीळ पाखडत होती. सूप थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. तिला असल्या गोष्टींत फारसा रस नाही.

५ फेब्रुवारी

बायकांची बैठक आमच्याच अंगणात. अकुमु सगळ्यात पुढे. ती दारू गाळते, आणि तिचा आवाज तिच्या दारूपेक्षा कडक.

"ए ओपिरोच्या बाबा, सायकलचे जुने स्पोक काढ. भोपळे वाजवायला हवेत."

"सुनावणीला जाताय की नाचायला?"

"दोन्हीला! त्या छावणीत मी रडत गेले होते. आता तिच्यासमोरून लग्नाला निघाल्यासारखी जाणार. तुला काय, तू मागे बसून डुलत राहा."

सगळ्या खिदळल्या. मी स्पोकांची मोळीच आणून टाकली. बायकांनी सुक्या भोपळ्याच्या अर्ध्या वाट्या छातीशी धरल्या आणि स्पोकांनी असा ठेका धरला की शेजारच्या शेळ्या दावं तोडायला लागल्या. माझेच पाय हलायला लागले. या वयात!

ओपिरोच्या आईनेही एक स्पोक घेतला. निवडून सरळ घेतला आणि राखेने घासून लख्ख केला. मला बरं वाटलं. गाण्यात तरी ती मिसळते.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर ओयारोदादाने सगळ्यावर पाणी ओतलं. तो आमच्या कुळातला सर्वांत वडील, माझा चुलतभाऊ. काठी आपटून म्हणाला, "या बायका छावणीतून परतल्या तेव्हा प्रत्येकीने अंगणाच्या तोंडाशी अंड्यावर पाय ठेवलाय. जे झालं ते बाहेर सोडून आत आल्यात. आता ते पुन्हा तोंडातून काढलं, तर तिथल्या सगळ्या अशुभ सावल्या मागोमाग घरात शिरतील. नातवंडं आजारी पडली तर मला सांगायला येऊ नका."

चर्चच्या पायऱ्यांवर दोघीतिघींनी तिथल्या तिथे माना खाली घातल्या. एकीची नात खरंच तापाने फणफणली आहे.

अंड्याची रीत मी हसण्यावारी नेणारा नाही. ओपिरोच्या आईला सोडलं तेव्हा हमरस्त्यावरून मीच तिला सायकलवर बसवून आणलं होतं. तिला छावणीच्या स्वयंपाकघरात ठेवलं होतं, देवाची कृपा. निसरड्या झाडाची फांदी आणि कणगी उघडायची काठी आडवी ठेवली, मधे अंडं ठेवलं. तिने पाय ठेवला, अंडं फुटलं, ती आत आली. त्या दिवसापासून आजपर्यंत मी तिला एक अक्षर विचारलेलं नाही. दुसऱ्या नवऱ्यांनी काय काय केलं! कुणी टोचून विचारलं, कुणी घराबाहेर काढलं. मी नाही. एवढी एक गोष्ट मी आयुष्यात चोख केली.

१० फेब्रुवारी

तिघीजणी मागे सरल्या. अकुमु म्हणते, "एकटी उरले तरी जाईन, भोपळा घेऊन." पण एकटीने कसं भागणार?

जेवताना ओपिरोच्या आईने आपणहून विचारलं, "तिथे नवऱ्यांना आत सोडतात?"

"नाही. दार बंद. आयोगाची तीन माणसं, त्यांत दोन बायका. वकीलबाई आणि बोलणारी. बस."

"बरं."

"का ग?"

"अकुमुचा नवरा विचारत होता."

मी हो म्हटलं आणि हात धुताना आठवलं, अकुमुचा नवरा जाऊन किती तरी वर्षं झाली! ओपिरोच्या आईलाही विसर पडायला लागला म्हणायचा. वय झालं आमचं.

१३ फेब्रुवारी

जिंकलो! अक्षर वेडंवाकडं येतंय, तरी लिहितो.

रात्रभर कूस बदलत होतो, पहाटे सुचलं. तडक ओयारोदादाकडे गेलो. तो दातात काडी घालून उन्हाला बसलेला.

"दादा, या बायका अंगणात बोलणार नाहीत. गावातही नाही. गुलूच्या सभागृहात बोलणार, सिमेंटच्या जमिनीवर. जे सांडेल ते तिथे सांडेल. आणि परत आल्या की प्रत्येकीने पुन्हा अंड्यावर पाय ठेवायचा. मग सावली कुठून शिरणार?"

त्याने काडी दुसऱ्या गालाकडे सरकवली. "अंडी कोण देणार?"

"माझ्या कोंबड्या."

"तुझ्या कोंबड्या तुझ्यासारख्याच, नुसता कलकलाट!" मग त्याचं पोट हलायला लागलं. "सांतो, तू सायकलवाला तो सायकलवालाच. दिसलं भोक की लाव पॅच."

"पॅच टिकला म्हणजे झालं, दादा."

"अंडी ताजी हवीत," तो म्हणाला. "आणि माझी काठी आणि फांदी मी स्वतः आणीन."

मी परत येताना सायकल चालवली नाही, उडवली. अकुमुला सांगितलं तर तिने मला उचललंच. खरोखर उचललं, सगळ्या बाजारासमोर. तिघीही परत आल्या. सहा!

ओपिरोच्या आईला अंड्याची युक्ती सांगितली. तिने हातातलं काम ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हाला सुचलं?" म्हणाली. "म्हणजे बोललं तरी चालतं?"

"चालतं म्हणजे? बोललंच पाहिजे! किती वर्षं दाबून ठेवायचं माणसाने?"

मला माझंच बोलणं फार आवडलं. उद्या बायकांनाही हेच सांगणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दोघं शेंगा सोलत बसलो होतो. वारा पडलेला. ओपिरोची आई एकदम म्हणाली, "त्या कापसाच्या गोदामात, ओपिरोचे बाबा..."

तिचा आवाज एकदम बारीक झाला. कुणा मैत्रिणीचं ऐकलेलं तिला आठवत असणार, आणि आठवून त्रास होत असणार. मी पटकन तिचा हात धरला. "राहू दे ग. तू कशाला मनाला लावून घेतेस? तू पाय ठेवून आत आली आहेस. तुझ्यापुरतं ते संपलं."

तिने हात काढून घेतला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "शेंगा किडक्या निघाल्यात यंदा."

बघितल्या तर चांगल्या टपोऱ्या होत्या. पण मी वाद घातला नाही. तिचं मन दुसरीकडे वळलं हे काय कमी!

२० फेब्रुवारी

सातवी सापडली! गोदामातली!

अबालोबाई दुकानापाशी थांबल्या. डोळे नुसते चमकत होते. स्वतःहून तालुक्याला चालत आली म्हणे, त्यांच्या कचेरीत बसली आणि म्हणाली, साहेबाचं नाव मला ठाऊक आहे, त्याचा आवाजही ठाऊक आहे.

"कोण? आपल्याच गावची?"

"लादित, तिने सांगायला मनाई केलीये. तीन तारखेला कळेल."

"मला सुद्धा? मी तर तुमचा माणूस!"

"तुम्हाला तर मुळीच नाही," बाई म्हणाल्या आणि का कोण जाणे, चष्मा पुसत बसल्या.

मला वाटतं, मी बाजारात फार बडबडतो हे त्यांच्या कानावर गेलंय. असो. पण कोण असेल? माझा संशय चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या अल्यानोवर आहे. ती कधी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. उद्या तिच्या सायकलला फुकट तेल घालून देतो.

२२ फेब्रुवारी

अल्यानोला तेल घालून दिलं. वर म्हणालो, "आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत." तिने मला खालून वर न्याहाळलं. "लादित, तुम्ही बरे आहात ना? मी त्या वर्षी आईच्या पाठीला बांधलेली होते." मग लाजून मी सायकलची घंटाही बदलून दिली.

अकुमुला 'सातवी कोण' विचारलं तर ती हसली नाही, हेच नवल. "सांतो, तू चांगला माणूस आहेस," म्हणाली, "पण तुझ्याशी बोलायचं तर आधी तुला धरून गप्प बसवावं लागतं."

२४ फेब्रुवारी

ओपिरोच्या आईला बाजारातून घरी आणत होतो. ती नेहमी नदीकडच्या लांबच्या वाटेने जाते, डोक्यावर ओझं असलं तरी. तिला चालायची आवडच आहे. आज मात्र म्हणाली, "जवळच्या रस्त्याने घ्या. गोदामावरून."

गोदामाचं छप्पर केव्हाच पडलंय, आत गवत माजलंय. ती मागून उतरली. भिंतीपाशी गेली, कोपऱ्यावरून वळली, दाराच्या रिकाम्या चौकटीत उभी राहिली. मी साखळी चढवत होतो, सारखी उतरते.

"दार मावळतीला आहे," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं उगवतीला समजत होते. फटीतून ऊन यायचं ते संध्याकाळचं होतं तर."

"काही माणसांना दिशांचं अंग नसतंच," मी म्हणालो. "बस मागे. साखळी बसली."

घरापर्यंत ती गुणगुणत होती. किती दिवसांनी!

२ मार्च, रविवार

अंडी तयार. तपकिरी कोंबडीने ऐनवेळी मान राखली. एकेक पाण्यात सोडून पाहिलं, सगळी तळाला बसली, म्हणजे ताजी. सहाजणींच्या घरी एकेक पोचवलं. सातवीचं माझ्यापाशी. कुणाच्या घरी द्यायचं हेच ठाऊक नाही!

ओपिरोची आई उद्या येणार आहे, गाणाऱ्यांत. तिने निळा झगा धुतला, विस्तवाच्या इस्त्रीने कडक केला. मी म्हटलं, "एवढं? तू तर बाहेर बसणार." म्हणाली, "गुलूला जायचंय ना."

झोप लागेलसं वाटत नाही. कानात भोपळे वाजतायत.

४ मार्च

कालचं काल लिहिता आलं नाही.

पहाटे ट्रक निघाला. बायका मागे उभ्या, मी कोपऱ्यात चटयांच्या वळकटीवर. छावणी आली आणि अकुमुने हात वर केला. सगळ्यांनी एकदम ठेका धरला. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. फाटकावरचा पोरगेला शिपाई दचकला, मग त्याला वाटलं वऱ्हाड चाललंय, आणि त्याने हात हलवला! अकुमुने त्याला उलट हात केला. "येतो रे बाबा," ओरडली, "तुझ्या साहेबांनाही आमंत्रण पाठवतो!" ट्रक हसण्याने हेलकावत होता. ओपिरोची आई सगळ्यांत जोरात वाजवत होती. तिचा भोपळा फुटेल म्हणून मला धास्ती.

सभागृहाबाहेर कडुनिंबाखाली बसलो. अकुमु आधी गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा ओला, पण म्हणाली, "काहीतरी खायला द्या, पोट एकदम रिकामं झालंय." मी तिला तिळाचं वाटण लावलेली बाजरीची भाकर दिली. मग दुसरी गेली. तिसरी. मी प्रत्येक वेळी रस्त्याकडे बघत होतो, सातवी कुठून येते म्हणून. सहावी बाहेर आली. दार उघडंच राहिलं. अबालोबाई उंबऱ्यात येऊन उभ्या.

"आली नाही वाटतं," मी म्हणालो. "ऐनवेळी घाबरली बिचारी. मी जाऊन शोधू का?"

ओपिरोची आई माझ्याशेजारून उठली. झगा झटकला. आपला भोपळा आणि स्पोक माझ्या मांडीवर ठेवला.

"हे धरा," म्हणाली. "वेळ लागेल."

आणि आत गेली. दार लागलं.

मला वाटलं, पाणी द्यायला गेली. खरंच वाटलं. मी अकुमुला म्हणालोही, "आत पाण्याची सोय नाही का?" अकुमुने माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिली. सहाजणी येऊन माझ्याभोवती बसल्या. त्यांनी वाजवणं थांबवलं होतं.

मग मी आठवायला लागलो, स्वयंपाकघर मला कुणी सांगितलं? ती म्हणाली होती? नाही. ती त्या दिवशी सायकलवर एक शब्द बोलली नव्हती. शेजारी विचारायला आले तेव्हा मीच म्हणालो होतो, स्वयंपाकघरात होती, स्वयंपाकघरात. मग मीच ते ऐकत राहिलो.

दार उघडलं तेव्हा मला आतलं दिसलं. आयोगाची तिन्ही माणसं उभी होती. ती बाहेर पडेपर्यंत उभीच राहिली. अबालोबाई धावत बाहेर आल्या. "घेतली! तक्रार साहेबाच्या नावावर घेतली. त्याला हजर राहावं लागेल, नावानिशी!" बायकांनी जिभा फिरवत असा कल्लोळ केला की रस्त्यावरच्या मोटारसायकली थांबल्या. अकुमु नाचत होती, ट्रकवाला नाचत होता. ओपिरोची आई मधोमध, मान ताठ, निळ्या झग्यात. मला लग्नातली आठवली. मी भोपळा छातीशी धरून उभा. मला आनंद झाला होता की काय झालं होतं, कळत नव्हतं. दोन्ही डोळ्यांतून धारा.

परतताना ती ट्रकमध्ये माझ्याशेजारी झोपी गेली, डोकं माझ्या खांद्यावर. गावात शिरल्यावर मी आधी उतरून धावत घरी आलो. ओयारोदादा शब्दाला जागला होता, आमच्या अंगणाच्या तोंडाशीही त्याने फांदी आणि काठी ठेवून दिली होती. त्यालाही ठाऊक होतं तर. मी सातवं अंडं मधे ठेवलं आणि आतल्या बाजूला उभा राहिलो, त्या वेळी राहिलो होतो तसाच.

ती आली. थांबली. वाकून अंडं उचललं, हातात धरून पाहिलं.

"बाहेर या," म्हणाली.

"अं?"

"या बाहेर, ओपिरोचे बाबा."

मी काठी ओलांडून बाहेर गेलो. ती माझ्या जागी आत गेली. अंडं पुन्हा खाली ठेवलं, फांदी आणि काठीच्या मधोमध, माझ्या पायांपुढे.

"मी केव्हाच घरी आलेय," ती म्हणाली. "आल्या दिवसापासून दाराशी बसून तुमची वाट बघतेय. तुम्ही बाहेरच राहिलात. ठेवा पाय."

आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

मी टायरच्या चपला काढल्या. पाय ठेवला. किती पातळ असतं कवच! थंडगार ओलं बोटांमधून वर आलं. तिने हात पुढे केला आणि मला आत घेतलं.

५ मार्च

दुकान बंद आहे. ती बोलतेय. मी शेंगा सोलतोय.